आधी चासी आणि कागद, मग इंजिन: वेंगुर्ल्यात तीन पावसाळे उभ्या असलेल्या सफारीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याला मामांच्या शेजारी २००९ सालची टाटा सफारी आहे. २.२ लिटरचं डायकोर डिझेल इंजिन, टू-व्हील ड्राइव्ह, मीटरवर १ लाख ४२ हजार किलोमीटर. मालक वारले. तेव्हापासून गाडी मागच्या अंगणात आंब्याखाली उभी आहे, तीन पावसाळे जागची हललेली नाही. मुलगा मुंबईला असतो. तो दीड लाख मागतोय आणि ‘बॅटरी टाकली की चालू होईल’ म्हणतोय. तुम्ही कोल्हापूरला राहता, हाताशी सगळे मिळून साडेतीन लाख आहेत आणि गाडी घाटांत, चंदगडच्या शेतावर फिरवायची आहे. घ्यावी का, आणि घेतली तर सुरुवात कुठून करायची?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात २६ वर्षं गॅरेज चालवतोय. जुन्या सुमो, सफारी, बोलेरो, स्कॉर्पिओ हेच रोजचं काम. तेव्हा सरळ सांगतो. गाडी घेण्यासारखी असू शकेल, पण दीड लाखाला नाही. आणि ‘बॅटरी टाकून चालू करून दाखवतो’ असं तो म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. का, ते पुढे येईलच.

जुनी गाडी बघायला जाणारा माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. सवयच आहे ती. पण या गाडीतलं इंजिन हे सगळ्यात सोपं दुखणं आहे. अगदी बसलेलं असलं तरी उद्यमनगरात ते खोलून, बोअर करून, बांधून मिळतं. पैसे जातात, पण काम होतं. हेच २.२ चं इंजिन पुढे थोड्याफार फरकाने टाटाच्याच सफारी स्टॉर्ममध्ये, आरियात आणि झेनॉन पिकअपमध्येही आलं, त्यामुळे इंजिनाचा माल आजही मिळतो. चासी कुजली असेल किंवा कागद अडकले असतील तर मात्र माझ्यासारख्या मिस्त्रीच्या हातात काही राहत नाही. म्हणून पहिल्या खेपेला बॉनेट उघडलं नाही तरी चालेल. खाली झोपा.

चासी

सफारी शिडीच्या चासीवरची गाडी. दोन लांब लोखंडी बीम, मध्ये आडवे मेंबर, त्यावर रबरी बुशांवर बसवलेली बॉडी. (२०२१ पासून मिळणारी नवी सफारी हे वेगळंच प्रकरण आहे, तिच्यात नाव सोडून यातलं काही नाही.) शिडीची चासी मजबूत असते, पण बीम आतून पोकळ असतात. खारी हवा, ओली पानं आणि तीन पावसाळे म्हटल्यावर पाणी आत शिरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्रा पापडासारखा झालेला असतो.

जाताना लहान हातोडी, जाड स्क्रू-ड्रायव्हर, चांगली टॉर्च आणि अंथरायला एक पोतं न्या. पुढच्या चाकापासून मागच्या बंपरपर्यंत दोन्ही बीम वीतभर अंतरावर हातोडीने हलके ठोकत जा. चांगलं लोखंड ‘टण्’ बोलतं. कुजलेलं ‘भद्’ करतं आणि पापुद्रे खाली पडतात. कान दोन मिनिटांत तयार होतो, त्याला मिस्त्री असावं लागत नाही. आवाज बदलला तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. आत गेला तर पोतं उचला आणि मामांकडे चहा पिऊन परत या.

ठोकायच्या जागा सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. सफारीला मागे कॉइल स्प्रिंग आणि पाच दांड्यांचं सस्पेन्शन आहे. त्या दांड्या चासीला जिथे पकडल्या आहेत ते ब्रॅकेट आणि त्यांच्या आजूबाजूची वीतभर जागा नीट तपासा. तिथे चिखल साठतो आणि गाडीचा सगळा धक्का तिथेच येतो. पुढच्या बाजूला कॉइल नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ घेणारी लांब सळई. तिचं मागचं टोक ज्या आडव्या मेंबरमध्ये अडकवलं आहे तो मेंबर बघा. मग बॉडीचे बुश जिथे बसतात त्या जागा. या तीन ठिकाणी लोखंड ठणठणीत असेल तर बाकी वरवरच्या गंजाला मी घाबरत नाही. तांबूस गंज तर वेंगुर्ल्यात घराच्या खिडकीच्या गजालाही असतो.

दोन गोष्टी दिसल्या तर संशय घ्या. एक, खालून नुकतंच मारलेलं काळं रबरी कोटिंग. ओल्या गंजावर ते मारलं की आतली ओल बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो आणि गंज दुप्पट वेगाने खातो. विकणाऱ्याचं काम होतं, घेणाऱ्याची वाट लागते. दोन, चासीवर वेल्डिंग करून बसवलेली पट्टी. पट्टी कुणी, का मारली हे विचारा. अपघातात बीम वाकला असेल तर चासीच्या दोन्ही बाजूंना सुतळी धरून कर्ण मोजता येतात. पुढच्या डाव्या भोकापासून मागच्या उजव्या भोकापर्यंत आणि उलट. फरक बोटभर आला तरी गाडी आयुष्यभर एका अंगाला चालेल आणि टायर खाईल.

मग वर या. चारही गालिचे उचला, नुसते मॅट नाही, खालचा चिकटवलेला गालिचा. जमिनीच्या पत्र्याला हात लावा. दाराखालची उंबरठ्याची पट्टी अंगठ्याने दाबा. या मॉडेलला स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली असते, त्या वजनाने बिजागऱ्या झिजून दार खाली येतं. दार उघडताना हाताने किंचित वर उचलून बघा, खेळ किती आहे ते कळेल. हे दुरुस्त होतं, पण भावात सांगायला उपयोगी पडतं.

वेंगुर्ल्याची गाडी म्हणून आणखी एक. तिकडे हौसेने गाड्या पुळणीवर घालतात. पुढच्या आडव्या मेंबरच्या भोकांत बोट घालून बघा, वाळू निघाली तर चारही चाकांची बेअरिंगं आणि ब्रेक आधीच खर्चात धरा.

पुराचं पाणी या गाडीला लागलं असेल असं मला वाटत नाही. तरी २०१९ ला आमच्याकडे पंचगंगेने आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठीने ज्या गाड्या बुडवल्या, त्यांतल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. म्हणून कोणतीही जुनी गाडी बघताना मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, ती धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. सीटच्या रुळांखाली आणि फ्यूजबॉक्सच्या मागे बारीक गाळ असतो. तसं काही दिसलं तर कॉम्प्युटरवाली गाडी फुकट दिली तरी घेऊ नये, वायरिंग वर्षभर रडवतं.

कागद

मालक वारलेत, म्हणजे मुलगा आज तुम्हाला गाडी विकूच शकत नाही. गाडी अजून वडिलांच्या नावावर आहे. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लावून ती त्याच्या नावावर व्हायला हवी. त्यानंतर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, तुमच्या नावावर. मधली पायरी गाळून ‘बाबांच्या सहीचे कोरे फॉर्म आहेत माझ्याकडे’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. मेलेल्या माणसाच्या सहीने व्यवहार केला तर उद्या बहिणीने हरकत घेतल्यावर तुम्ही कुठे उभे राहणार?

दुसरी गोष्ट मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २००९ ची गाडी म्हणजे ती २०२४ मध्येच संपली, आणि उभ्या गाडीचं नूतनीकरण कुणी केलेलं नसतं. नूतनीकरण होतं, फॉर्म २५ वर, पुढच्या ५ वर्षांसाठी. पण एप्रिल २०२२ पासून मोटारीची त्याची फी ५,००० रुपये आहे, उशिराचे महिन्याला ५०० वेगळे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. आणि गाडी आरटीओसमोर उभी करून दाखवावी लागते, चालती, दिवे-ब्रेक असलेली, विमा आणि पीयूसी असलेली. म्हणजे पेच असा की पास होण्याआधी गाडी दुरुस्त करावी लागणार आणि पैसे तुम्ही घातल्यावर ती तुमच्या नावावर होणार. त्यावर उपाय एकच. आज थोडा बयाणा द्या, मुलाशी स्टॅम्पपेपरवर करार करा, वारसाचं काम त्याने पुरं करायचं, मग गाडी हलवायची, आणि मोठी रक्कम नाव बदलल्यावर. मुंबईचा माणूस कंटाळेल, पण त्याला अंगण मोकळं करायचं आहे हे विसरू नका.

आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का तेही बघा. २००९ चं कर्ज २०१४ लाच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायला कुणी जात नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. बँक मध्येच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असेल तर पत्र मिळवायला महिना धरा. थकलेली ई-चलानं ऑनलाइन दिसतात, ती त्याच्या खात्यातून. जुन्या गाड्यांना आता नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसवावी लागते, तिचा खर्च किरकोळ आहे. चासी नंबर प्रत्यक्ष चासीवर ठोकलेला वाचा आणि आरसीशी ताडून बघा. गंजाने अक्षरं पुसट झाली असतील तर पॉलिश पेपरने घासू नका, आरटीओत संशय येतो. तारेच्या ब्रशने हळू साफ करून फोटो काढून ठेवा.

चालू करायची घाई

आता त्या ‘बॅटरी टाकली की’बद्दल.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अशीच दोन वर्षं उभी असलेली कॉमन-रेल गाडी (सफारीसारखीच, दाबाखालचं डिझेल एकाच नळीतून ते फवारणाऱ्या सगळ्या नोझलना देणारी) घेऊन आलं. मीही तेव्हा हुशारीत होतो. नवी बॅटरी लावली, डिझेल फिल्टर बदलला, सेल्फ मारला. झकास चालू झाली. वीस मिनिटं आयडलला ठेवली, आम्ही चहा घेतला. मग ती हळूहळू खोकू लागली आणि बंद पडली ती पडलीच. टाकीच्या तळाशी पाणी होतं. हाय-प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पाणी गेलं की पंप स्वतःलाच खातो आणि त्याचा लोखंडी कीस चारही नोझलमध्ये जातो. पंप, नोझल, रेल, नळ्या, टाकीची सफाई मिळून ८० हजारांच्या आसपास बिल झालं. अर्धं मी भरलं, कारण चूक माझी होती. सेल्फ मारायच्या आधी पाच लिटर डिझेल काढून बाटलीत बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

सफारीची टाकी ६५ लिटरची. अर्धी रिकामी टाकी कोकणच्या दमट हवेत तीन पावसाळे उभी म्हणजे आत दहिवर साठून पाणी तळाला बसणारच. पाणी आणि डिझेल जिथे मिळतं तिथे शेवाळासारखा काळा, चिकट गाळ धरतो. म्हणून गाडी फ्लॅटबेड टोइंगवर घालून आणा. आंबोली घाटातून दोरी बांधून ओढत आणायचा विचारसुद्धा करू नका. ब्रेक नाहीत, स्टिअरिंगला पॉवर नाही आणि नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गॅरेजला आल्यावर मी ज्या क्रमाने तिला जागं करेन तो असा.

आधी टाकी उतरवून पूर्ण रिकामी, धुऊन, सुकवून. गाळलेलं डिझेल परत घालायचं नाही, ते आम्ही पार्ट धुवायला वापरतो. नवा फिल्टर, फिल्टरपर्यंतच्या नळ्यांतून हवा मारून सफाई. एअर फिल्टरचा डबा उघडायचा. उंदरांनी तिथे नारळाच्या काथ्याचं घर केलेलं मी दोनदा काढलंय. उंदीर आले म्हणजे वायरिंगही कुरतडलेलं असणार, तेव्हा वायरमनने हार्नेस (तारांचा जुडगा) हाताने चाचपून बघेपर्यंत बॅटरी जोडायची नाही.

मग ऑइल. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी खुणेच्या वर असली तर आत पाणी किंवा डिझेल उतरलंय. तसं नसलं तरी जुनं ऑइल काढून नवं ऑइल-फिल्टर घालायचं. गाडी न्यूट्रलमध्ये, क्रँकच्या पुलीला मोठा पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. सहज फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. अडकलं तर पाइप घालून जोर लावायचा नाही. हीटर प्लग काढून त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडायचं आणि रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा. बहुतेक वेळा सुटतं.

फिरलं की नोझलचे कनेक्टर काढून ठेवायचे, म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि सेल्फ पाच-पाच सेकंद मारायचा, मध्ये थांबत, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. याने टर्बोपर्यंत ऑइल पोचतं. कोरड्या बेअरिंगवर टर्बो फिरला तर पुढच्या महिन्यात निळा धूर दिसतो आणि मग दोष मिस्त्रीवर येतो. या इंजिनाचा टर्बो हलत्या पात्यांचा आहे. उभ्या गाडीत ती पाती काजळीने आणि गंजाने चिकटतात, त्यामुळे चालू झाल्यावर गाडी चढावर मेल्यासारखी वाटली तर लगेच टर्बो गेला असं म्हणायचं नाही. खोलून साफ केला की बऱ्याचदा मोकळा होतो.

हे सगळं झाल्यावर कनेक्टर लावा आणि मारा सेल्फ.

पहिला पांढरा धूर चालेल, दोन-चार मिनिटांत जायला हवा. नाही गेला आणि कूलंटची पातळी उतरत असेल तर सिलिंडर हेडकडे बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे नोझल, टर्बो किंवा ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), यातलं सगळं साफ होण्यासारखं. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून तिथेच सैल ठेवा. थोडी वाफ प्रत्येक जुन्या डिझेलला येते. झाकण उडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन बांधायला ७०-८० हजार वेगळे. म्हणूनच हातात राखीव पैसे पाहिजेत.

रेडिएटरमधलं पाणी विहिरीचं निघेल, तांबडं. तिकडे कूलंट घालायची फारशी पद्धत नाही. आणि थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघा. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी वाईट खोड आहे. मग इंजिन कधी नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं, काजळी धरतं. नवा बसवा, महाग नसतो.

पैसे कुठे जातील

साडेतीन लाखांचा हिशेब मी असा मांडतो. आकडे आमच्याकडचे, मजुरीसकट, थोडे इकडे-तिकडे होतील.

कागदांना १८ हजार, टोइंगला १२. पाच टायर, २३५/७० आर १६, मिळून ४२ हजार. टायर जाड दिसतात म्हणून जुनेच ठेवायचा मोह होईल. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षं एका जागी दबलेला, उन्हाने तडकलेला टायर आंबोलीच्या उतारावर फुटला तर पुढचं काही सांगायला नको. ब्रेकचं पूर्ण काम, पुढचे पिस्टन, मागचे सिलिंडर, नळ्या आणि नवं ब्रेक ऑइल, १५ हजार. बॉल जॉइंट, टाय रॉड, सगळे बुश आणि शॉकअब्सॉर्बर ३५ हजार. रेडिएटर, होस पाइप, बेल्ट १२. सगळी ऑइलं आणि फिल्टर १५. गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग धरून, कारण त्यात ऑइल असतं हे बहुतेक मालकांना माहीतच नसतं. बॅटरी ८. टाकी-नळ्यांची सफाई १०, चार नोझल टेस्ट बेंचवर लावून दुरुस्त करायला ३०.

हे झाले १ लाख ९७ हजार, आणि यातलं एकही काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. गाडी बाहेरून तशीच भंगार दिसते. इथे माणसाचा धीर सुटतो. रंग आधी मारायला सांगतात, म्हणजे शेजारीपाजारी विचारायचे थांबतात. माझ्याकडे दरवर्षी एखादी तरी अशी येते, चकचकीत रंग, नवे अलॉय, पडद्याचा म्युझिक सिस्टिम, आणि मागच्या डाव्या चाकाला ब्रेकच लागत नाही.

एसी आणि वायरिंगला २५ हजार धरा. आता हिशेब करा. गाडी ८० हजारांना मिळाली तर एकूण ३ लाख २ हजार जातात आणि तुमच्याकडे ४८ उरतात. ते रिंगा, क्लच किंवा टर्बो यांपैकी जे निघेल त्याला. गाडी दीड लाखाला घेतली तर क्लचचा विचार येण्याआधीच तुम्ही २२ हजार कर्जात आहात. म्हणून माझा भाव ८० आहे. चासी खणखणीत आणि कागद त्याने करून दिले तर ९५ पर्यंत जा. भाव करताना ‘गाडीत काही दम नाही’ असं म्हणू नका. त्याच्या वडिलांची गाडी आहे, माणूस चिडतो आणि अडून बसतो. वरचा खर्चाचा कागद त्याच्यासमोर ठेवा आणि गप्प बसा.

क्लच कधीकधी फक्त चिकटलेला असतो. पेडल आत जातं, गिअर पडत नाही. उभ्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरते. इंजिन गरम करून, मोकळ्या मैदानात, पेडल दाबून ठेवून गिअरमध्ये सेल्फ मारला तर सुटते. हे मिस्त्रीसमोरच करा, गाडी उडी मारते.

बॉडीचा माल मात्र चिंतेचा. हेडलाइट, मागच्या काचा, दाराच्या पट्ट्या, आतलं प्लास्टिक शोरूमला मिळेलच असं नाही. मिळालं तर कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा आपल्याकडे कुणी चासी कुजलेली सफारी मोडीत काढली तर. म्हणून वेंगुर्ल्याला जाल तेव्हा प्रत्येक दिवा, काच, हँडल यांचा फोटो काढा आणि सुट्टं पडलेलं काही घरात ठेवलंय का ते विचारा. दुसरी चावीही विचारा, ती बहुतेक देवघराच्या खणात असते.

तुम्ही दिल्लीहून येणाऱ्या २०१४ च्या स्वस्त गाडीचाही उल्लेख केलात. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, तेव्हापासून तिथल्या गाड्या पडत्या भावाने इकडे येतात. पत्रा आपल्याकडच्या समुद्राकाठच्या गाडीपेक्षा चांगला असतो हे खरं. पण एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला), महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने आणि मधला एजंट धरला की स्वस्ताई बरीच विरते. आणि तिथे जाऊन हातोडी तुम्ही मारणार नाही, फोटोवर घेणार. मी गिऱ्हाइकाला फोटोवर गाडी घेऊ देत नाही.

गाडी रस्त्यावर आली की पहिले हजार किलोमीटर कोल्हापूरच्या आसपासच फिरवा. पन्हाळ्याला दोनदा चढवा-उतरवा. उतारावर ब्रेक मारून स्टिअरिंग सैल धरा, कुठल्या अंगाला ओढते ते बघा. परत आल्यावर दर वेळी खाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी कुठला डाग पडला ते दिसेल. काळा इंजिनाचा, तांबूस स्टिअरिंगचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. हजारला ऑइल-फिल्टर पुन्हा बदला, आतली सुटलेली सगळी घाण त्यात येते. मग चंदगड.

जायचं तर पाऊस उघडल्यावर जा, चिऱ्यांच्या अंगणात शेवाळावर पाय घसरतो. आणि बॉनेट उघडल्यावर हात आधी आत घालू नका, काठी घाला. पोतं अंथरून गाडीखाली शिरायच्या आधीही खाली टॉर्च मारून, चाकांमागे काठी आपटून घ्या. सावंतवाडीहून आलेल्या एका गाडीत आम्हाला बॅटरीच्या ट्रेमध्ये घोणस मिळाली होती, वेटोळं करून निवांत बसलेली, आणि आमच्या पोऱ्याने तिला होसपाइप समजून हात पुढे केला होता.